‘देव जाणे’ आणि ‘बोग वेस्त्’: एका स्लाव्ह क्रियापदाचं घराणं

प्रश्न असा आला आहे: रशियनमध्ये ‘वेदात्’ म्हणजे जाणणे. कोशात त्याचं मूळ आदिस्लाव्ह (म्हणजे रशियन, पोलिश, चेक अशा स्लाव्ह भाषांच्या पूर्वज भाषेतलं) *वेदेति असं तारांकित करून दिलेलं असतं. हा शब्द आपल्या ‘वेद’वरूनच तिकडे गेला ना? आणि मग ‘मेदवेदेव’, ‘सोव्हिएत’, ‘इझ्वेस्तिया’ हे सगळे त्याच घरातले का? जाता जाता आणखी एक पुस्ती जोडली आहे: रशियनमध्ये नवरीला ‘नेवेस्ता’ म्हणतात, तीही यातलीच का?

मी सत्तावीस वर्षं रशियन शिकवते आहे. पोलिश आणि चेक वाचण्यापुरत्या येतात. हा प्रश्न दर वर्षी पहिल्या सत्रातच कोणीतरी विचारतं, आणि विचारताना चेहऱ्यावर थोडा अभिमान असतो. म्हणून आधी निकाल सांगून टाकते. ‘वेद’ इथून तिकडे गेला नाही. दोन्ही शब्द एकाच घरातले, पण बापलेक नव्हेत, चुलत भावंडं आहेत. मेदवेदेव या घरातला नाही. सोव्हिएतही नाही. इझ्वेस्तिया आहे. नवरीचं प्रकरण वादाचं आहे, ते शेवटी घेते.

सुरुवात माझ्याच फजितीपासून करते, कारण या क्रियापदाची खरी ओळख मला तिथे झाली. अगदी उमेदवारीच्या काळात एक रशियन कथा मराठीत करत होते. त्यात वाक्य होतं की तो माणूस ‘बोग वेस्त् ओत्कुदा’ आला. ‘बोग’ म्हणजे देव, ‘वेस्त्’ म्हणजे बातमी, निरोप. कोशात पहिला अर्थ तोच. मी बिनदिक्कत लिहिलं, ‘देवाचा निरोप घेऊन तो कुठूनसा आला.’ ज्यांनी हस्तलिखित तपासलं त्यांनी समासात एवढंच लिहिलं: ‘कुठून आला देव जाणे!’ तो शेरा होता की दुरुस्ती, हेच मला आधी कळेना. दुरुस्तीच होती. इथला ‘वेस्त्’ नाम नाहीच. ते क्रियापद आहे, आणि फार म्हातारं: ‘जाणतो’. बोग वेस्त्, देव जाणे.

आता गंमत बघा. मराठीतही ‘जाणे’ हे रूप तसंच थिजलेलं आहे. आज आपण ‘देव जाणतो’ म्हणू, पण ‘देव जाणे’, ‘कोण जाणे’ यांत जुना वर्तमानकाळ तसाच राहिला आहे. चालू मराठीत तसली रूपं रीतिभूतकाळात गेली: तो रोज येई, देवळात जाई. ‘कोण जाणे’ म्हणताना आपल्याला भूतकाळ ऐकू येत नाही, कारण आपण ते क्रियापद म्हणून ऐकतच नाही, एक आख्खा तुकडा म्हणून ऐकतो. रशियन माणसाचं ‘वेस्त्’च्या बाबतीत नेमकं हेच झालं आहे. विचारलंत तर दहातले आठ जण ‘बातमी’च सांगतील.

तो ‘वेस्त्’ नीट उघडून पाहिला की प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यातच मिळतं.

आदिस्लाव्ह ही लिहिलेली भाषा नाही. लेकी-नातींच्या तोंडावळ्यावरून पणजीचा चेहरा रेखाटावा तशी ती अभ्यासकांनी मागे जाऊन उभी केली आहे. तारा त्याचीच खूण. पहिले लेखी पुरावे सिरिल आणि मेथोडिअस या भावांनंतरचे. ते ८६३ साली मोराव्हियात (आजच्या चेक-स्लोव्हाक भागात) गेले आणि ग्रीक धर्मग्रंथ स्लाव्ह बोलीत आणू लागले. त्या अनुवादांच्या दहाव्या-अकराव्या शतकातल्या नकला आपल्या हाती आहेत. त्या भाषेला प्राचीन चर्च स्लाव्हॉनिक म्हणतात, आणि तिच्यात हे क्रियापद धडधाकट चालताना दिसतं.

चालवून बघू. *वेमि, *वेसि, *वेस्ति: मी जाणतो, तू जाणतोस, तो जाणतो. आता शेजारी संस्कृत ठेवा: वेद्मि, वेत्सि, वेत्ति. शाळेत संस्कृत झालं असेल तर अंगावर काटा येतो. माझ्या आला होता. (देवनागरीत हे स्लाव्ह उच्चार जवळपासचेच उतरतात. *वेमि, *वेस्ति मधली शेवटची इ अतिऱ्हस्व होती, पुढे बहुतेक ठिकाणी गळून पडली. आणि *वेदेति मधला ‘ति’ आपल्या ‘गच्छति’तला नव्हे. तो ‘जाणणे’ मधल्या ‘णे’च्या जागेचा आहे, मुळात ‘मति’, ‘गति’ मधल्या नाम करणाऱ्या प्रत्ययाचा नातलग.)

स्लाव्ह भाषांत प्रत्यय थेट धातूला चिकटवणारी क्रियापदं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली होती: असणे, देणे, खाणे, जाणणे, आणि थोड्या वेगळ्या वाटेने ‘जवळ असणे’. बाकी सगळी मध्ये स्वर घेऊन गुळगुळीत झाली. पाणिनीच्या भाषेत ही बहुतेक अदादि गणाची मंडळी. संस्कृतातही विद् आणि अद् तिथेच शेजारी बसलेले आहेत.

पण लक्ष द्यायचं ते साम्याकडे नाही, फरकाकडे. संस्कृतात वेद्+ति चं वेत्ति होतं: द चा त, झालं. स्लाव्हमध्ये वेद्+ति चं वेस्ति होतं: मध्ये स शिरतो. हा अपघात नव्हे. ‘खातो’ घ्या: संस्कृत अत्ति, रशियन ‘येस्त्’. तोच धातू अद्, तोच नियम. आणि स्लाव्ह यात एकटे नाहीत. ‘तू जाणतोस’ला ग्रीकमध्ये ‘ओइस्था’, इराणच्या अवेस्ता या जुन्या धर्मग्रंथात ‘वोइस्ता’, संस्कृतात मात्र ‘वेत्थ’. म्हणजे दोन दंत्य व्यंजनं भेटली की ग्रीक, इराणी, स्लाव्ह तिघंही सकार काढतात. ‘त्त’ करणारं संस्कृतच या पंगतीत वेगळं पडतं. स्लाव्हांनी हा शब्द संस्कृतातून उचलला असता तर तो ‘त्त’सकट उचलला असता. आपण टाकलेली चाल त्यांनी नंतर कुठून आणली असती?

‘बोग’चं मात्र तसं नाही. तो आपल्या ‘भग’चा, ‘भगवान’मधल्या भगाचा जुळा आहे, आणि त्याच्याबाबत खरोखरच मतभेद आहेत. काळ्या समुद्राच्या उत्तरेला स्लाव्हांचे शेजारी असलेल्या इराणी भाषकांकडून तो आला असं बरेच जण मानतात. म्हणजे ‘बोग वेस्त्’ या दोनच शब्दांच्या तुकड्यात एक कदाचित उसना आहे आणि दुसरा नक्की घरचा.

आता थोडं आणखी मागे. ‘जाणणे’ हा या धातूचा मूळ अर्थच नव्हता. मूळ अर्थ ‘दिसणे, पाहणे’. लॅटिनमध्ये तो तसाच राहिला, आपल्या ‘व्हिडिओ’त तोच आहे. स्लाव्हमध्येही सख्खा भाऊ शेजारीच राहतो: *विदेति म्हणजे पाहणे. चेकमध्ये ‘विद्येत’ पाहणे आणि ‘व्येद्येत’ जाणणे. एका स्वराचा फरक. हे कसं झालं? मूळ इंडो-युरोपीय भाषेत (संस्कृत, ग्रीक, स्लाव्ह या सगळ्यांच्या पूर्वज भाषेत) या धातूचं एक पूर्णत्ववाचक रूप होतं, ‘पाहून झालं आहे’ अशा अर्थाचं. जे पाहून झालं ते आता माहीत आहे. अर्थ वर्तमानात आला, रूप मात्र जुन्या साच्यातच राहिलं.

संस्कृतवाल्यांना हे एका खुणेवरून पटेल. लिट् (परोक्ष भूतकाळ) म्हटलं की द्वित्व, म्हणजे धातूच्या पहिल्या अक्षराची पुनरुक्ती, आली: चकार, ददर्श, जगाम. पण ‘स वेद’ याला द्वित्व नाही. ग्रीक ‘ओइदा’लाही नाही. पुण्यात मॅक्स म्युलर भवनात जर्मनचा पहिला वर्ग केलेल्यांना आठवेल: इख वाइस, एर वाइस. इतर बहुतेक क्रियापदांना तृतीय पुरुषात त लागतो, याला लागत नाही, आणि बाई म्हणतात पाठ करा. तिकडे अहं वेद, स वेद: तीच तऱ्हा, दोन्हीकडे एकच रूप. नियमित गोष्टी कोणीही कोणाकडून शिकतं. असला वेडेपणा रक्तातूनच येतो. नातं सिद्ध करताना अभ्यासक सारखेपणापेक्षा अशा सामायिक खोडी शोधतात.

स्लाव्हमध्ये या जुन्या रूपाचा एकच अवशेष उरला आहे. चर्च स्लाव्हॉनिकमध्ये ‘मी जाणतो’ला ‘वेमि’च्या जोडीला ‘वेदे’ असंही रूप सापडतं. सगळ्या स्लाव्ह व्याकरणात त्या प्राचीन पूर्णत्ववाचक काळाची एवढीच एक चिमूट शिल्लक आहे. आणि संस्कृतात? पाणिनीचं सूत्र आहे, ‘विदो लटो वा’ (३.४.८३): विद् च्या वर्तमानकाळी लिट् चे प्रत्यय विकल्पाने लागतात. म्हणून वेद्मि किंवा वेद, वेत्ति किंवा वेद. म्हणजे जुनं रूप मोडीत निघालं नाही आणि नवं शेजारी येऊन बसलं, हा संसार दोन्ही घरांत चालू होता. हे त्यांनी एकमेकांचं पाहून केलं नाही. अडचण एकच होती, तोडगा सारखा निघाला.

स्वराचंही दोन शब्दांत सांगायला हवं. ‘वेद’मधला ए आणि ‘वेदेति’मधला पहिला ए दोन्ही एकाच जोडस्वरातून आले, साधारण ‘ओइ’सारख्या. ग्रीक ‘ओइदा’त तो अजून ऐकू येतो. संस्कृतात त्याचा ए झाला. स्लाव्हमध्ये एक वेगळा स्वर झाला, ज्यासाठी सिरिलिक लिपीत स्वतंत्र अक्षर होतं, यात्. (मराठीत ‘यात’ म्हटलं की वाक्याची दिशाच बदलते, म्हणून हलन्त लिहिते.) म्हणजे ‘वेद’ आणि ‘वेदात्’ कानाला इतके सारखे वाटतात, ते दोन वेगळ्या वाटांनी येऊन एकाच फाट्यावर भेटल्यामुळे.

लेकींच्या घरी या यात् चे चेहरे निरनिराळे झाले. रशियनमध्ये ये, पोलिशमध्ये कधी ये कधी या, क्रोएशियनमध्ये इये, युक्रेनियनमध्ये चक्क इ. त्यामुळे युक्रेनियन ‘स्विदोक’ (साक्षीदार) पाहून लोक उड्या मारतात की बघा, अगदी शुद्ध विद्! तो विद् नाही. जुन्या ‘वेद’चाच पुढे ‘विद’ झाला आहे. आणखी मोठा चकवा युक्रेनियन ‘विद्पोविद’ म्हणजे ‘उत्तर’. यात दोन विद् दिसतात. पहिला उपसर्ग आहे, ‘कडून, परत’ अशा अर्थाचा. धातू फक्त दुसरा. माझ्या एका विद्यार्थ्याने दोन्ही विद् अधोरेखित करून ‘ज्ञानाचे ज्ञान’ असा विग्रह केला होता. कागद मी जपून ठेवला आहे.

आज हे क्रियापद जिवंत कुठे आहे? पश्चिमेकडे उत्तम. चेक ‘वीम’, पोलिश ‘व्येम’, स्लोव्हाक ‘व्येम’, दक्षिणेत स्लोव्हेनियन ‘वेम’: रोज सकाळ-संध्याकाळ तोंडात असणारे शब्द, आणि शेवटी तो ‘मि’चा म अजून शाबूत. पूर्वेकडे बेलारूसीत ‘वेदाच’ हाच रोजचा शब्द. ‘या न्ये वेदायु’, मला माहीत नाही. रशियनने मात्र ते वर माळ्यावर टाकलं. ‘वेदात्’ आज म्हणणारा माणूस एकतर कविता म्हणतोय नाहीतर थट्टा करतोय. रोजचं काम ‘झ्नात्’ करतं, जो आपल्या ज्ञा धातूचा, ‘जाण’चा भाऊ. सर्बियन, क्रोएशियन, बल्गेरियन यांनीही ज्ञा-वाल्याला गादी दिली.

आपल्याला हसायला जागा नाही. मराठीत विद् क्रियापद म्हणून केव्हाच संपला, ‘जाणणे’ही पुस्तकात गेला, आणि घरात आपण म्हणतो ‘माहीत आहे’, ‘ठाऊक आहे’.

यावरून एक गोष्ट, जी भाषा शिकणाऱ्याला कोशापेक्षा उपयोगी पडेल. चेक माणूस तीन प्रकारचं जाणणं वेगळं ठेवतो: ‘वीम’ म्हणजे तो कुठे राहतो ते मला माहीत आहे, ‘झ्नाम’ म्हणजे मी त्याला ओळखतो, ‘उमीम’ म्हणजे मला पोहता येतं. माहीत असणे, ओळखणे, येणे. मराठी माणसाला यात शिकायला काही नाही, आपली वाटणी तंतोतंत हीच आहे. रशियनमध्ये पहिल्या दोन कप्प्यांतली भिंत पडली आणि ‘झ्नायु’ दोन्हीकडे पसरला. सर्बियनमध्ये तिसरीही पडली; तिथे ‘पोहणं जाणतो’ असंच म्हणतात. स्लोव्हेनियनमध्ये तीन कप्पे शाबूत, पण पाट्या बदललेल्या: वेम, पोझ्नाम, झ्नाम.

क्रियापद मेलं तरी त्याची पिलावळ रशियनभर आहे, आणि खरी श्रीमंती तिथेच आहे. ‘इझ्वेस्तिया’ म्हणजे कळवलेल्या गोष्टी, वार्ता. १९१७ साली सुरू झालेलं वर्तमानपत्र. त्याच्याही आधी, १७०३ साली, पीटर राजाच्या हुकमाने निघालेलं रशियाचं पहिलं छापील वर्तमानपत्र ‘वेदोमोस्ती’. आज ‘वेदोमोस्त्’ म्हणजे पगारपत्रकसुद्धा. ‘राझ्वेद्का’ म्हणजे हेरगिरी, चहूकडून माहिती काढणे. ‘वेद्मा’ म्हणजे चेटकीण, जाणती बाई. आपल्याकडे याच धातूतून रोग जाणणारा वैद्य झाला आणि त्याला मान मिळाला. तिकडे जाणणाऱ्या बाईच्या वाट्याला काय आलं ते युरोपचा इतिहास सांगतो. ‘वेझ्लिवी’ म्हणजे सभ्य, अदबशीर. मुळात ‘ज्याला रीत कळते तो’.

त्याच्या उलट ‘नेवेझा’ म्हणजे उद्धट, आणि ‘नेवेझ्दा’ म्हणजे अडाणी. एकाच शब्दाची ही दोन रूपं. झ-वालं अस्सल रशियन मातीतलं, झ्द-वालं चर्चच्या भाषेतून आलेलं, म्हणून जरा विद्वानांच्या तोंडचं. वर्गात हे समजावताना मी गर्भिणी आणि गाभण सांगते. शब्द एकच, तत्सम रूप बाईसाठी राहिलं, तद्भव गोठ्यात गेलं.

उपसर्ग लागला की हे क्रियापद ‘जाणणे’ सोडून ‘सांगणे’ होतं. पोलिशमध्ये ‘व्येम’ मला माहीत आहे, ‘पोव्येम’ मी सांगेन. माहीत करून देणे म्हणजे सांगणे. आपल्याकडे तेच काम प्रयोजक रूपाने झालं: वेदयति, म्हणून निवेदन, आवेदन. सूत्रसंचालनाला उभा राहिलेला निवेदक आणि पोलिश गोष्टीतला कथेकरी एकाच धातूवर पोट भरतात. रशियनमध्ये या शाखेतून ‘प्रोपोवेद’ (प्रवचन), ‘इस्पोवेद’ (पाद्र्यापुढची पापाची कबुली) आणि ‘झापोवेद’ (धर्माज्ञा) आले. धर्माज्ञेने जे मना ते ‘झापोवेद्नी’. कुऱ्हाड लावायची नाही अशा रानाला तो शब्द लागला आणि त्यातून ‘झापोवेद्निक’, अभयारण्य. बैकल सरोवराच्या काठचं बार्गुझिन अभयारण्य १९१७ साली सरकारने याच नावाखाली स्थापलं. सह्याद्रीत देवाच्या धाकाने राखलेल्या देवराया पाहिलेल्या माणसाला आज्ञा आणि अरण्य यांतला हा पूल समजावून सांगावा लागत नाही.

मला स्वतःला सर्वात आवडतो तो साक्षीदार. जुना स्लाव्ह शब्द ‘सुवेदेतेल’: सोबत जाणणारा. चेक ‘स्व्येदेक’, पोलिश ‘श्व्यादेक’ यांत जाणणं तसंच आहे. (पोलिशमध्ये कठोर द च्या आधी यात् चा ‘या’ होतो, म्हणून श्व्यादेक, मऊ द च्या आधी ‘ये’ राहतो, म्हणून व्येजेच, जाणणे. एवढा एक नियम डोक्यात ठेवला तर पोलिशमधले निम्मे गोंधळ मिटतात.) रशियनमध्ये मात्र लोकांना वाटू लागलं की साक्षीदार म्हणजे ज्याने डोळ्यांनी पाहिलं तो, आणि त्यांनी शब्दातला स्वर बदलून ‘पाहणे’चा घातला: ‘स्विदेतेल’. व्युत्पत्तीच्या हिशेबाने चूक. पण मूळ धातूचा अर्थ ‘पाहणे’च होता, तेव्हा चुकत चुकत ते गावाच्या वेशीवर परत आले. संस्कृत सुरुवातीपासून डोळ्यांच्या बाजूने होतं: स+अक्षि, साक्षी.

आणि ‘सोवेस्त्’, सदसद्विवेकबुद्धी. हा शब्द पाद्र्यांनी घडवला. ग्रीक ‘सिनेइदेसिस’चे दोन तुकडे केले, ‘सह’ आणि ‘जाणणे’, आणि दोन्हींच्या जागी स्लाव्ह तुकडे बसवले. ग्रीक शब्दातला ‘एइद’ हा आपलाच विद्, म्हणजे भाषांतर करणाऱ्याने नकळत एका भावाच्या जागी दुसरा भाऊ बसवला. संस्कृत ‘संविद्’ याच घडणीचा. मराठी ‘विवेक’ मात्र यातला नाही, तो विच् धातूचा, पाखडून वेगळं करण्याचा. घाईत त्याला या पंगतीत बसवू नका. अनुवादकांसाठी एक खड्डा सांगून ठेवते: रशियनमध्ये ‘वेस्त्’ बातमी, सर्बियनमध्येही बातमी, पण स्लोव्हेनियनमध्ये ‘वेस्त्’ म्हणजे सदसद्विवेकबुद्धी. ‘त्याची बातमी स्वच्छ आहे’ अशी वाक्यं त्यातूनच जन्मतात.

चेक आणि स्लोव्हाकांनी याच धातूतून विज्ञानाला नाव दिलं. स्लोव्हाक लिपीत ते अगदी ‘वेदा’ असं लिहितात, आणि ब्रातिस्लावातल्या विज्ञान अकादमीच्या प्रकाशनगृहाचं नावच ‘वेदा’. पुस्तकाच्या पाठीवर ते पाहून आपल्याकडचा पाहुणा हरखतो. त्यात संस्कृतचा हात नाही; घरच्या धातूवर घरीच केलेलं नाम आहे.

आता नापास झालेले उमेदवार. मेदवेदेव म्हणजे ‘अस्वल’वरून आलेलं आडनाव, ‘मेदवेद’ अस्वल. मेद म्हणजे मध, आपल्या ‘मधु’चा भाऊ. पुढचा तुकडा वेद नाही, ‘एद’ आहे, खाणारा, तोच अद् धातू. मध्ये आलेला व हा मधुतल्या उकाराचा. मध खाणारा. स्लाव्हांनी अस्वलाचं खरं नाव, ज्याचा संस्कृत भाऊ ‘ऋक्ष’, घ्यायचंच टाळलं आणि हे टोपणनाव चालवलं. आपण रात्री सापाला ‘लांबडं’ म्हणतो त्यातला प्रकार. ‘मध कुठे आहे ते जाणणारा’ अशी फोड रशियन लोकही हौसेने करतात, पण ऋग्वेदात (१.१६४.२२) झाडावरच्या पक्ष्यांना ‘मध्वदः’ म्हटलं आहे, मध खाणारे. घडण हुबेहूब, फक्त प्राणी वेगळा.

सोव्हिएत म्हणजे ‘सोव्येत’, सल्ला, सल्लामसलतीची सभा. त्यात शेवटी त आहे, द नाही. तो ‘बोलणे’ अर्थाच्या वेगळ्या धातूचा. ‘ओत्व्येत’ (उत्तर) आणि ‘प्रिव्येत’ (नमस्कार) त्याच्या घरचे.

तिसरा ‘वेस्ती’, नेणे, घेऊन जाणे. हाही वेगळा धातू, आणि आपली ‘वधू’ याच्या नात्यातली असं बहुतेक मानतात: घरी नेलेली ती. बातम्या ‘वेस्ती’ आणि नेणे ‘वेस्ती’ आज रशियनमध्ये सारखेच लिहितात. १९१८च्या लेखनसुधारणेत यात् अक्षर काढून टाकलं, त्याआधी बातम्यांना यात् होता आणि नेण्याला साधा ए. अक्षर गेलं आणि दोन घराण्यांमधलं कुंपण कागदावरून पुसलं गेलं.

असल्या पुसलेल्या कुंपणांवरूनच ‘सगळं संस्कृतातून’ म्हणणारे आत शिरतात. रशियातही त्यांची वाण नाही. तिथे ‘स्लाव्ह वेद’ म्हणून पुस्तकं खपतात. १८७४ साली बेलग्रेडमध्ये ‘वेदा स्लोवेना’ नावाचा लोकगीतांचा संग्रह निघाला होता, बाल्कनच्या डोंगरात प्राचीन वेद सापडल्याच्या थाटात. ती गाणी बनावट निघाली. अशा हौशी भाषाशास्त्रावर सर्वात जास्त तुटून पडला तो रशियन भाषाशास्त्रज्ञ आंद्रेय झालिझ्न्याक, आणि तो संस्कृतद्वेष्टा नव्हता. १९७८च्या संस्कृत-रशियन कोशाला जोडलेली संस्कृत व्याकरणाची रूपरेषा त्यानेच लिहिली आहे. मी माझं संस्कृत पुन्हा घासलं ते तिच्यावरच.

राहिली नवरी. ‘नेवेस्ता’चा सरळ विग्रह ने+वेस्ता, न जाणलेली, अनोळखी. सासरच्या घरात आलेली परकी मुलगी. किंवा दृष्ट लागू नये म्हणून तिला मुद्दाम ‘अनोळखी’ म्हणायचं. लग्नात ताटातल्या तांदळावर बोटाने नवं नाव लिहून मुलगी बदलून टाकणाऱ्या आपल्या मंडळींना हे परकं वाटू नये. दुसरं मत म्हणतं, नाही, हा ‘नव’ आणि ‘नेणे’ यांचा जोड आहे: नवी आणलेली, म्हणजे वधूचीच बहीण. ऐकायला हे मत गोड आहे. पण जुन्या रशियन लेखनात ‘नेवेस्ता’ यात् घालून लिहितात, आणि चेकमध्ये तिचा स्वर आजही ‘व्येद्येत’चाच आहे. ‘नेणे’ या धातूत साधा ऱ्हस्व ए आहे. त्यातून यात् काढायचा तर स्वर मध्येच कधीतरी दीर्घ झाला असं गृहीत धरावं लागतं, आणि ते धरायला या शब्दापलीकडे दुसरा आधार नाही. ‘जाणणे’तून मात्र यात् आपोआप येतो. म्हणून माझं मत पहिल्या बाजूला पडतं, आणि वर्गात मी दोन्ही सांगते.